सर्वच भिडू

पत्त्यांचें नांव काढलें कीं वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळीं आठी पडते, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. पत्ते म्हणजे वेळेचा अपव्यय, पत्ते म्हणजे भांडणाचें मूळ, पत्ते म्हणजे जुगाराच्या जिन्याची पहिली पायरी, अशी त्यांची समजूत आहे. व ती अगदींच निराधार आहे असें आमच्यानें म्हणवत नाहीं. झब्बूपासून रमीपर्यंत जे डाव आपण खेळतों, त्यांत शेजाऱ्याचा तोटा तोच आपला नफा असतो. मेंढीकोटांत भिडू असतो खरा. परंतु तेथेंही समोरच्या जोडीवर कोट चढविल्यावांचून मनाचें समाधान होत नाहीं. अशा स्थितींत, ज्यांत खेळणारे सर्वच एकमेकांचे भिडू असतात, जिंकले तर सारे जिंकतात आणि हरले तर सारे हरतात, असाही पत्त्यांचा एक डाव आहे, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. गेलें वर्षभर आम्ही चौघे मित्र तो डाव खेळत आहों. त्यानें आम्हांस पुष्कळ आनंद दिला, आणि एकदां आमची चांगली कानउघाडणीही केली. त्या दोहोंविषयीं चार शब्द लिहावे, एवढ्याकरितां हा प्रपंच.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम' हें या डावाचें नांव. इंग्रज ग्रंथकार जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) यांची याच नांवाची अद्भुतरम्य कादंबरी १९५४ व १९५५ या सालांत तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्या आधारें नेट फ्रेंच यांनीं रचिलेला हा डाव अमेरिकेंतील फॅन्टसी फ्लाइट गेम्स या मंडळीनें २०११ सालीं काढिला. मूळच्या एका पेटींत एकास किंवा दोघांस पुरेल इतकेंच साहित्य असे. २०२२ सालीं निघालेल्या सुधारलेल्या पेटींत चौघांची सोय आहे, व आम्ही तीच वापरतों. ज्यांनीं कादंबरी वाचली आहे त्यांस आठवत असेल कीं, बिल्बोच्या एकशें अकराव्या वाढदिवसापासून फ्रोडो घर सोडून निघेपर्यंत मध्यें १७ वर्षें लोटतात, व त्या काळाविषयीं ग्रंथकार फारसें सांगत नाहीं. डावांतील मोहिमा याच मोकळ्या काळांत कल्पिलेल्या आहेत. यामुळें वाचलेल्या कथेची नुसती उजळणी करावी लागत नाहीं. कथेच्या दोन प्रकरणांमधील कोऱ्या पानावर आपणच कांहीं लिहीत आहों, असें वाटूं लागतें. टॉल्किनच्या चाहत्यास यापरतें सुख कोणतें?

पेटींत तीन मोहिमा आहेत. पहिलींत थ्रँडुइल राजाकडून निघालेला निरोप मर्कवुडच्या कोळ्यांनीं भरलेल्या अरण्यांतून लोरिएन येथें गॅलाड्रिएलकडे पोंचवावयाचा असतो. दुसरींत ॲन्डुइन नदीच्या अनुरोधानें प्रवास करावयाचा असतो. तिसरींत डोल गुल्डुर येथील कारागृहांतून आपल्यापैकीं एका नायकास सोडवावयाचें असतें. त्यांच्या कठिणपणाचे आंकडे अनुक्रमें १, ४ व ७ असे दिलेले आहेत, आणि हे आंकडे लिहिणारानें अतिशयोक्ति केलेली नाहीं, हें आम्ही अनेक पराभवांच्या आधारें सांगूं शकतों.

खेळण्याची रीत थोडक्यांत अशी. नेतृत्व, रणनीति, आत्मबल व ज्ञान अशा पानांच्या चार शाखा आहेत. आम्ही प्रत्येकानें एकेक घेतली आहे. प्रत्येकाच्या पुढें तीन नायक असतात. समोर संकटांचा एक स्वतंत्र जोड पालथा ठेविलेला असतो. दर फेरींत कोणकोणत्या नायकांस मार्गक्रमणास धाडावयाचें व कोणास लढण्यासाठीं मागें ठेवावयाचें, हें आधीं ठरवावें लागतें. जे जातात त्यांचीं पानें आडवीं होतात, व मग शत्रु अंगावर आला तरी त्यांस बचाव करितां येत नाहीं. हें ठरल्यावर मगच संकटांच्या जोडांतून माणशीं एक पान उलगडतें. शिवाय प्रत्येकाजवळ धोक्याचा आंकडा असतो; तो दर फेरीस निदान एकानें वाढतो, आणि पन्नासावर पोंचला कीं तो खेळणारा बाद होतो. म्हणजे आज लढूं, उद्यां चालूं, असें म्हणण्यास फार सवड नाहीं.

आतां गंमत अशी कीं, कोणतीही एक शाखा स्वयंपूर्ण नाहीं. रणनीतीच्या गिमली, लेगोलस व थालिन या तिघांचें मिळून जितकें मनोबल, तितकें आत्मबलाच्या एकट्या एओविनचें आहे. पण तीच एओविन शत्रूपुढें उभी राहिली तर एका घावांत संपावयाची. म्हणून जो लढतो तो दुसऱ्यास चालूं देण्यासाठीं लढतो, आणि जो चालतो तो दुसऱ्याच्या ढालीच्या भरंवशावर चालतो. एओविनचें मनोबल वाढविण्यासाठीं चौघांपैकीं प्रत्येकास दर फेरींत हातचें एकेक पान टाकून देण्याची मुभा आहे. 'गॉन्डोरचा कारभारी' हें धनसंपन्न करणारें पान आपल्याच नायकावर ठेवावें असा निर्बंध नाहीं. तें मित्राच्या नायकावरही ठेवितां येतें. स्वतःच्या हातचें उत्तम पान दुसऱ्याच्या पुढ्यांत ठेवण्यांत आनंद असतो, ही गोष्ट इतर कोणत्या डावांत शिकावयास मिळाली असती, तें आम्हांस ठाऊक नाहीं.

यावर तीन आक्षेप आमच्या कानीं आले आहेत. पहिला, हा शेवटीं पत्त्यांचाच डाव. यांतून जुगाराची चट लागेल. त्यास उत्तर असें कीं, येथें पणास लावण्यासारखें कांहींच नसतें. लावलें तरी तें जिंकावयाचें कोणापासून? १९९३ सालीं निघालेल्या 'मॅजिक' या प्रसिद्ध डावाच्या पुड्यांत कोणतीं पानें निघतील हें आधीं कळत नाहीं, व त्या अनिश्चिततेचा मोह पडतो. आमच्या डावाच्या पेटींत काय आहे तें ठरलेलें असतें. नव्या मोहिमांच्या पेट्या घेत सुटण्याचा मोह मात्र याही डावांत आहे, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों. त्यास आळा ज्याचा त्यानेंच घालावा.

दुसरा आक्षेप असा कीं, बुटके, यक्ष व राक्षस यांच्या गोष्टींत रमणें म्हणजे जगाकडे पाठ फिरविणें होय. असें म्हणणारांनीं ग्रंथकाराचें चरित्र पाहावें. वयाच्या बाराव्या वर्षीं, १९०४ सालीं, त्याची आई वारली. एका कॅथलिक धर्मगुरूंनीं त्याचें पालकत्व सांभाळिलें. १९१६ सालीं सोमच्या रणभूमीवर तो स्वतः होता. ज्यानें जग इतकें जवळून पाहिलें, त्यानें आपल्या कथेंतील सर्वांत जड ओझें सर्वांत लहान जीवाच्या खांद्यावर दिलें, यांत जगाकडे पाठ फिरविल्याचें आम्हांस तरी दिसत नाहीं.

तिसरा आक्षेप मात्र आम्हांस खरोखर झोंबला, कारण तो बाहेरून न येतां आमच्याच मेजावरून आला. सर्वच एका पक्षाचे असल्यावर जो अधिक जाणता असेल तोच सर्वांचा डाव खेळूं लागतो, आणि बाकीचे केवळ पानें उचलून ठेवणारे होतात. आमच्यांत नेमकें हेंच घडलें. आमचा चौथा भिडू सर्वांच्या मागून आला. त्याच्याकडे रणनीतीची शाखा होती. त्यानें पान उचललें कीं आम्ही तिघे एकदम बोलूं लागत असूं : तें नको, हें टाक, लेगोलसला ठेव, थालिनला पाठीव. आमचे सल्ले बहुधा बरोबर असत. एका शनिवारीं ॲन्डुइनची मोहीम आम्हीं प्रथमच जिंकली, व आम्ही आनंदानें टाळ्या पिटल्या. तो मात्र पानें नीट गोळा करून म्हणाला, "जिंकलांत तुम्ही. मीं नुसतीं पानें उचलून ठेविलीं." पुढचे दोन शनिवार तो आला नाहीं.

आम्हांस प्रथम त्याचा रागच आला. आम्हीं त्याचें काय वाईट केलें? त्यास हरूं दिलें नाहीं, हा का अपराध? परंतु त्या रिकाम्या जागेसमोर तिघांनीं खेळतांना डाव रंगेना, तेव्हां आम्ही नियमांचें पुस्तक पुन्हां उघडून बसलों. मूळ नियमपुस्तकांत असें सांगितलें आहे कीं, खेळणारांनीं आपसांत खुशाल बोलावें, बेत करावे. मात्र आपल्या हातांतील पानाचें नांव सांगूं नये व त्यावरील मजकूर वाचून दाखवूं नये. हा नियम आम्हीं पहिल्या दिवसापासून क्षुल्लक समजून गुंडाळून ठेविला होता. चौघांचीं पानें उघडीं पसरून खेळत होतों. त्याचें मर्म आतां कळलें. दुसऱ्याच्या हातांत काय आहे तें दिसत नसलें म्हणजे त्यास हुकूम करितां येत नाहीं, "तुझ्याच्यानें एवढें होईल का?" असें विचारावें लागतें, आणि तो "होईल" म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवावा लागतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत प्रेषित पौलानें मंडळीस देहाची उपमा दिली आहे, ती आम्हीं प्रार्थनेच्या वेळीं पुष्कळदां ऐकिली होती. डोळा फार तीक्ष्ण झाला म्हणून तो हाताचेंही काम करूं लागला तर देहास हात असून नसल्यासारखाच, हा तिचा एक अर्थ आम्हांस त्या मेजावर उमगला.

आम्ही मित्राच्या घरीं गेलों व चूक कबूल केली. तो पुन्हां आला. या वेळीं पानें झांकलेलीं होतीं. ॲन्डुइनच्या मोहिमेंत आरंभींच एक डोंगरी राक्षस दबा धरून असतो. ज्याचा धोका ३० झाला असेल त्याच्या अंगावर तो धांवून जातो. ज्ञानशाखेच्या आमच्या भिडूचा आंकडा पहिल्याच फेरींत ३० होता, आणि त्याच्या नायकांस हा मारा झेपणारा नव्हता. नियमाप्रमाणें, शत्रु चालून येण्यापूर्वीं त्यास कोणीही आपण होऊन आपल्या अंगावर घेऊं शकतो. आमच्या चौथ्या भिडूचा धोका २९ होता. त्यास कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. त्यानें क्षणभर आपल्या पानांकडे पाहिलें, आणि राक्षसाचें पान ओढून स्वतःपुढें घेतलें. आमच्या तोंडांत "नको, नको" आलें होतें. तें आम्हीं गिळलें. पहिला घाव गिमलीनें सोसला. दुसरा ॲरागॉर्ननें मित्राच्या बाजूस धांवून अंगावर घेतला. तिसऱ्यांत एक सोबती कामास आला. जितक्या जखमा तितका गिमलीचा मारा वाढतो. त्या जोरावर तिसऱ्या फेरीच्या शेवटीं राक्षस पडला. पुढें नदीतीरावरील छाप्यांत मात्र त्या मित्राचे तिन्ही नायक गेले, व तो बाद झाला. उरलेल्या तिघांनीं कशीबशी मोहीम तडीस नेली. नियम असा आहे कीं, एकजण जरी अखेरपर्यंत टिकला तरी विजय सर्वांचा. जो पडला त्याचाही. त्या दिवशीं टाळी प्रथम त्यानें वाजविली.

आमचें म्हणणें इतकेंच आहे. सहकार्याचे गोडवे आपण पुष्कळ गातों, परंतु हुशार मुलानें मंद मुलाची वही स्वतः लिहून काढावी यासच कित्येकदां आपण सहकार्य समजतों. त्यानें काम उरकतें, पण एक भिडू गमावतो. मित्रास चुकण्याची मोकळीक ठेवून त्याच्या शेजारीं उभें राहणें, हें त्याहून कठीण आहे. या डावांतील गॅन्डाल्फचें पान आम्हांस म्हणूनच फार आवडतें. तो येतो तेव्हां तीन पानें देतो, किंवा शत्रूस जबर घाव घालतो, किंवा धोका पांचांनीं उतरवितो. आणि फेरी संपतांच निघून जातो. तो कायमचा राहिला असता तर बाकीच्यांस करण्यासारखें काय उरलें असतें?

शाळेंत पहिला नंबर एकच असतो, व तो तसा असावा याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु आठवड्यांतून दोन तास असे असावेत कीं ज्यांत नंबर नाहीं, मेजाभोंवतीं चार तोंडें समोरासमोर आहेत, आणि शेजाऱ्याच्या हातांत चांगलें पान आलें तर आपलाही चेहरा उजळतो. ज्या वडील मंडळींच्या कपाळीं आठी पडते, त्यांस आमची नम्र विनंती आहे कीं, एखाद्या शनिवारीं त्यांनीं आमच्यांत येऊन बसावें. त्यांच्यासाठीं आम्ही एक शाखा मोकळी करूं, आणि कोणतें पान टाकावें तें मुळींच सांगणार नाहीं. इतकें लिहून वाचकांची रजा घेतों.