डुक्कर फियाट

परवा काकांचे डोळे दाखवायला रत्नागिरीस गेलो होतो. मारुती मंदिरापाशी घोळका दिसला. अपघात की काय म्हणून डोकावलो, तर मधोमध डुक्कर फियाट! नवा हिरवा रंग, लखलखीत बंपर आणि पुढची दारे तीच उलट उघडणारी.

हे नाव कारखान्याचे नव्हे, लोकांनी ठेवलेले. फुगीर अंग पाहूनच ठेवले असावे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही १९५०च्या दशकात बाहेर पडू लागली. पुढे तिच्याच वंशातली पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली आणि २०२३ साली तीही रस्त्यावरून गेली.

आमच्या काकांची टॅक्सी पद्मिनीच. गणपतीला टपावर ट्रंका बांधून, आत सात माणसे कोंबून गावी येत. कशेडी घाटात इंजिन तापायचे. मग बॉनेट उघडून गाडी निवेपर्यंत सगळे दरडीखाली बसत. घाईने रेडिएटरचे झाकण काढले की वाफेने हात भाजलाच! पुढे गुडघे गेले, टॅक्सी विकली. त्या दिवशी काका जेवले नव्हते.

गाडीचा मालक भला माणूस. म्हणाला, "बसा आजोबा."

काकांना समोरचा माणूस धड ओळखू येत नाही. पण आत बसताच डावा हात न चाचपडता स्टिअरिंगजवळच्या गिअरवर गेला.

"पाणी बघितलंस काय रे?" त्यांनी मला विचारले.