अपडेटच्या आधी डेटाचा पत्ता शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला आणि करसल्लागारांच्या कार्यालयांत विंडोज ११ ची मशीन येऊ लागली. त्यांवर हिशेबाच्या जुन्या पॅकेजचं अपडेट टाकताना ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं की सगळीकडे एकच इलाज होतो: राइट क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. इन्स्टॉलेशनपुरतं ते योग्यच आहे. रोजचं काम मात्र तसं करू नका, हा आमचा आग्रह आहे.

व्हिस्टापासून विंडोज साध्या युजरला ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू देत नाही. जुन्या ३२ बिट पॅकेजने तिथेच डेटा लिहायचा प्रयत्न केला, तर बरेचदा एरर येतच नाही. विंडोज ती फाइल गुपचूप त्या युजरच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये ठेवतं. पुढे कुणी तेच पॅकेज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं की मूळ फोल्डरमधला जुना डेटा समोर येतो. कालची व्हाउचर गायब! ऑपरेटर बिचारा ती पुन्हा भरतो आणि एकाच पेढीच्या दोन वह्या तयार होतात. सर्व्हरचा मॅप केलेला ड्राइव्हही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या प्रोग्रामला अनेकदा दिसत नाही, मग नेटवर्कवर खापर फुटतं.

खरा उपाय म्हणजे डेटा प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणं आणि युजरना फक्त त्या फोल्डरवर ‘मॉडिफाय’चा हक्क देणं. अँटीव्हायरस बंद करू नका. ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ आड येत असेल तर त्या एका प्रोग्रामला परवानगी द्या. डॉट नेट ३.५ मागितलं तर ते ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करता येतं. सेटअपच १६ बिट असेल, तर विंडोज ११ वर तो चालणार नाही. विक्रेत्याकडून नवा मागवावाच लागेल.

जुन्याच व्हर्जनवर दिवस काढू, असं कंपनी क्लायंटच्या बाबतीत म्हणता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी ऑडिट ट्रेल बंधनकारक आहे.

जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख, या दोन्ही पार पडल्यावरच अपडेटला हात घाला. त्याआधी ‘व्हर्च्युअलस्टोअर’ उघडून पाहा, बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि दोन्हीकडची ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळते का ते तपासा.