फुकटचा वेग, उन्हाळ्याची किंमत

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, सुट्ट्या आणि उकाडा. या दिवसांत कोल्हापुरात दुपारचा पारा ३७-३८ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत तो त्याहूनही चढतो. नेमक्या याच दिवसांत लग्नाचे व्हिडिओ तयार करणाऱ्या स्टुडिओंतले कॉम्प्युटर रात्रंदिवस चालतात. सुट्टी लागलेली मुले तासन्‌तास गेम खेळतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ड्रॉइंग आणि कास्टिंगची आकडेमोड करणारे डेस्कटॉपही थांबत नाहीत. काम रेंगाळले की कुणीतरी सल्ला देतो, ‘ओव्हरक्लॉक करून घे, फुकटात वेग वाढेल.’ या सल्ल्यातला ‘फुकट’ हा शब्द तपासून घेण्याची गरज आहे.

प्रोसेसर एका ठरावीक ठेक्यावर काम करतो. ४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोके. कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा हा ठेका वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ठेका थोडा वाढवला तर चालून जाते. जास्त वाढवला की प्रोसेसर अडखळू लागतो आणि त्याला स्थिर ठेवण्यासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते. खरी मेख इथे आहे. प्रोसेसरची उष्णता ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोके १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर १.१ ला तीनदा गुणावे लागते. उत्तर येते १.३३. म्हणजे वेग एक दशांशाने वाढला आणि उष्णता एक तृतीयांशाने. दोन्ही २० टक्क्यांनी वाढवले तर उष्णता सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते.

ही उष्णता बाहेर काढण्याचे काम साध्या डेस्कटॉपमध्ये हवेवर सोपवलेले असते. प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्याला पातळ पट्ट्या आणि त्यांवरून वारा फिरवणारा पंखा. दुचाकीच्या इंजिनावरच्या पट्ट्या हेच काम करतात, हे उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. पण पंखा थंडी निर्माण करत नाही, तो फक्त उष्णता खोलीतल्या हवेत नेऊन टाकतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली जितकी तापलेली, तितकी त्याची सुरुवातच वरून होते.

एक हिशेब करून पाहू. समजा, एखादा हवाई कूलर दर वॉटमागे प्रोसेसरचे तापमान ०.३ अंशाने वाढू देतो. प्रोसेसर १०० वॉटचा आहे, खोली २६ अंशांवर आहे आणि कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून ६ अंश गरम आहे. प्रोसेसर ६२ अंशांवर राहील, म्हणजे अगदी सुखात. आता मे महिना घ्या. खोली ३६ अंशांवर, कॅबिनेटमधली हवा ४४ वर आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे प्रोसेसर १३३ वॉटवर. तापमान जाते ८४ अंशांवर. वेग २० टक्के वाढवण्याचा हट्ट धरला तर १७३ वॉट आणि ९६ अंश. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचल्यावर तो स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. ज्या वेगासाठी खटाटोप केला तोच हातचा जातो. जानेवारीत नीट चाललेली सेटिंग मे महिन्यात का बिघडते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

आता फायदा मोजू. एका तासाचे रेंडरिंग १० टक्के वेगाने केले तर ते साडेचोपन्न मिनिटांत होते. वाचली साडेपाच मिनिटे. पन्नासाव्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद पडला तर पन्नास मिनिटे गेली आणि काम पुन्हा पहिल्यापासून. बंद पडणे निदान दिसते तरी. त्याहून वाईट म्हणजे न दिसणारी चूक. मर्यादेच्या काठावर चालणारा प्रोसेसर एखादी बेरीज चुकवतो, फाइलमधला एखादा आकडा बदलतो आणि काहीच घडले नाही असे पुढे जातो. गेममध्ये यामुळे एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा दिसेल. कास्टिंगच्या गणितात किंवा हिशेबाच्या फाइलमध्ये अशी चूक महागात पडू शकते.

एके काळी ओव्हरक्लॉकिंग खरोखर फायद्याचे होते, हेही मान्य करायला हवे. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा स्वस्त प्रोसेसर अनेकांनी ४५० वर चालवला. तब्बल ५० टक्के वाढ. त्या काळी कंपन्या भरपूर वाव राखून ठेवत. पण वेगाची ही शर्यत उष्णतेपाशीच अडली. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ चा बेत सोडला आणि त्यानंतर साऱ्या उद्योगाने एकाच गाभ्याचा ठेका वाढवण्याऐवजी एका प्रोसेसरमध्ये अनेक गाभे बसवण्याची वाट धरली. आजचे प्रोसेसर तापमान आणि भार पाहून स्वतःच आपला वेग वरखाली करतात. उरलेला बराचसा वाव कंपनीने आधीच वापरलेला असतो. आपल्या हाती राहतो तो थोडासा वेग आणि पुष्कळशी उष्णता.

व्होल्टेजचा अतिरेक कंपनीलाही चुकत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, दुरुस्तीचे अपडेट दिले आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र अपडेटने भरून येत नाही. प्रोसेसरच्या आत केसापेक्षा कितीतरी बारीक धातूच्या तारा असतात. जास्त विद्युतप्रवाह आणि जास्त तापमान एकत्र आले की त्या तारांमधले अणू हळूहळू सरकू लागतात. त्याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. आज काहीच दिसत नाही, पण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कॉम्प्युटर विनाकारण बंद पडू लागतो.

आरोग्याच्या बाजूने पाहिले तर गोष्ट आणखी घरात येते. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॉट घेत असतील, तर मुलाच्या बंद खोलीत आणखी चार माणसे बसवल्यासारखे आहे. कॅबिनेटमधून काढलेली उष्णता कुठे नाहीशी होत नाही, ती त्याच खोलीत मुरते. छताचा पंखाही हवा थंड करत नाही, तो आपला घाम वाळवतो आणि त्या वाळण्याने आपल्याला गारवा मिळतो. प्रोसेसरला घाम येत नाही, आपल्याला येतो. म्हणून रात्री दोनपर्यंत अशा खोलीत बसणाऱ्याने पाणी प्यायला हवे, खिडकी उघडायला हवी आणि डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली तर ताबडतोब उठून गार जागी जायला हवे. प्रोसेसर तापला की वेग कमी करतो. खेळात बुडालेला मुलगा तेवढे भान ठेवतोच असे नाही.

मग करायचे काय? पहिले म्हणजे, वेग वाढवण्याआधी आहे तो वेग पुरता मिळतो का ते पाहावे. पट्ट्यांमध्ये साचलेली धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट यांमुळे कित्येक कॉम्प्युटर मुळातच मंदावलेले असतात. फाउंड्रीच्या परिसरात तर धूळ महिन्या-दोन महिन्यांत साचते. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने अडवून ती धूळ वाऱ्याच्या झोताने उडवावी. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. दुसरे म्हणजे, तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर घालून भर दुपारी, पूर्ण भाराखाली आकडा पाहावा. तिसरा उपाय उलट्या दिशेचा आहे. व्होल्टेज किंवा वॉटची मर्यादा थोडी कमी करून पाहावी. वर्गाचा तोच नियम इथे आपल्या बाजूने काम करतो. व्होल्टेज ५ टक्क्यांनी उतरवले तर उष्णता जवळजवळ १० टक्क्यांनी घटते आणि वेग बहुधा तसाच राहतो. मात्र हा बदलही थोडाथोडा करावा आणि दर वेळी काही तास भार देऊन पारखावा.

दुकानदारांनाही एक विनंती आहे. काही मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्येच प्रोसेसरच्या मर्यादा सैल ठेवतात आणि ग्राहकाला त्याचा पत्ता नसतो. राजारामपुरी असो वा शाहूपुरी, कॉम्प्युटर जोडून देताना प्रोसेसर कोणत्या सेटिंगवर ठेवला आहे ते बिलावर एका ओळीत लिहून द्यावे. जुना प्रोसेसर विकताना तो ओव्हरक्लॉक करून वापरला होता का, हे सांगावे. कर्ज काढून मुलाला कॉम्प्युटर घेऊन देणाऱ्या पालकाचा तेवढा हक्क आहे.

हौशी मुलांना या प्रयोगापासून तोडावे, असे आमचे म्हणणे नाही. उष्णता, वीज आणि धातू यांचा धडा इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच मिळतो. जुन्या, टाकाऊ यंत्रावर, हातात वही घेऊन, दर पायरीचे तापमान टिपत तो जरूर करावा. आपल्या गुऱ्हाळावरचा गुळव्या चुलवणात जाळ घालतो तोही काहिलीवरची नजर न हटवता. रस ११८ अंशांच्या आसपास आला की काहील उतरते. तिथे आणखी थोडा जाळ म्हणजे जास्त गूळ नव्हे, करपलेला गूळ. प्रोसेसरचेही तसेच आहे. ज्या यंत्रावर घराचे पोट किंवा मुलाचा अभ्यास अवलंबून आहे, ते निदान पाऊस येईपर्यंत त्याच्या मूळ वेगावरच चालू द्यावे.