नाताळातले रात्रीचे पान : एक तक्रार

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की कुठल्या ना कुठल्या वृत्तपत्राच्या पुरवणीतून वसईच्या आमच्या घरी फोन येतो. मागणी दरवर्षी एकच असते: ‘नाताळ विशेष’साठी केकची कृती आणि घरच्या द्राक्षाच्या वाइनविषयी चार ओळी. मागे एका वर्षी आईने फोनवर अर्धा तास खर्चून नाताळच्या सुट्टीतल्या रात्रीच्या जेवणांविषयी सांगितले. छापून आला तो केक. कृती अर्थातच आईची नव्हती, कारण आमच्या घरी केक कधी होतच नाही, तो बेकरीतून येतो.

ही तक्रार एका पुरवणीपुरती असती तर ती इथे मांडण्याचे कारण नव्हते. मराठी वाचकाच्या मनात नाताळ म्हणजे एक दिवस, एक केक आणि एक पेला, असे जे चित्र बसले आहे त्याविषयी मला बोलायचे आहे. नाताळ हा उत्सव नाताळच्या जेवणाच्या टेबलावर पाहायचा असेल तर २५ तारखेची दुपार ही सर्वांत निरुपयोगी वेळ. ते पान पाहुण्यांसाठी असते. घराचे पान २४ च्या रात्री सुरू होते आणि ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणापर्यंत, रोज रात्री मांडले जाते. त्या पानावर काय असते हे कोणी विचारत नाही.

२४ च्या रात्री आमच्याकडे मटण शिजत नसे. या दिवशी उपवास आणि मांसवर्जन पाळण्याचा चर्चचा नियम जुना. १९६६ नंतर तो सैल झाला, पण आजीने तो शेवटपर्यंत मोडला नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेला जाण्याआधी भात, वालाचे बिरडे आणि तळलेला मासा, एवढेच. २५ च्या रात्री दुपारच्या जेवणाने सगळे जडावलेले. तेव्हा पेज, भाजलेला सुका बोंबील आणि लोणचे. इंद्यालाची खरी रात्र २६ ची. लसूण, मिरची आणि व्हिनेगरात मुरलेले ते डुकराचे मांस पहिल्या दिवशी नुसते आंबट लागते, दुसऱ्या दिवशी बोलू लागते आणि तिसऱ्या दिवशी संपते. सोबत फुगे. नारळाचे दूध घालून आंबवलेले मैद्याचे पीठ मुठीत धरून अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून तेलात सोडायचे. हे काम अर्ध्या घराला येत नाही आणि प्रत्येकाला ते येते असे वाटते. मग एखाद्या रात्री शेजारच्या हिंदू वाडवळांकडून उकडहंडी येते: कोनफळ, रताळी, वालपापडी. त्या रात्री आमच्याकडे चूल पेटत नाही, आणि हंडी परत जाते ती रिकामी जात नाही.

या यादीत परके काय आहे? आक्षेप नेहमी इथेच येतो. स्पष्ट शब्दांत तो कोणी घेत नाही. ‘तुमचे जेवण जरा वेगळे असते ना’ अशा सौजन्याने घेतला जातो. तर वेगळेपणाचा हिशोब एकदा मांडूच. इंद्याल या नावामागे पोर्तुगीजांचे मद्य-लसणीचे मुरवण आहे, सरपटेलमागेही पोर्तुगीज पदार्थ आहे, हे खरे. वसई १५३४ मध्ये तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशे वर्षांत जे आले ते फक्त आमच्याच घरात थांबले काय? पाव, बटाटा, कोबी, काजू, पेरू, अननस हे शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले. ‘नाताळ’ हा शब्दही तिथलाच. एकादशीच्या पवित्र ताटातली साबुदाण्याची खिचडी घ्या. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसापूर्वीच्या कुठल्याही वारकऱ्याने ती चाखली असणे शक्य नाही. त्या खिचडीला कोणी परदेशी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पाहुणा घरात रुळला की घरचा होतो, हा न्याय मला मान्यच आहे. माझा आक्षेप एवढाच की हा न्याय मिरचीला मिळतो, ती वाटणाऱ्या बाईला मिळत नाही. आमचा मसाला उन्हाळ्यात, वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, कुटून बाटल्यांत भरला जातो, म्हणून तो बाटली-मसाला. वर्षाचा मसाला मे महिन्याच्या आत करून ठेवण्याची ही घाई कोणत्या मराठी घराला अनोळखी आहे?

साहित्याचेही तेच. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’वर मराठी वाचकाने मनापासून प्रेम केले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांत कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे, यावरून त्यांनी स्वतःशी केलेला झगडा त्या पुस्तकात आहे. तो आपण कौतुकाने वाचतो. पण उंबरठा ओलांडल्यावर पलीकडच्या स्वयंपाकघरात काय शिजत होते, या प्रश्नाशी आपले कुतूहल थांबते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या ताटाविषयी हा प्रश्न नावानिशी विचारला, तेव्हा मराठी पाकसाहित्याला आपण किती थोडी घरे फिरलो आहोत याची जाणीव व्हायला हवी होती. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. ज्या वसईची हिरवळ वाचवण्यासाठी ते लढले, तिथल्याच वाड्यांतली भाजी आमच्या पानात येते. त्यांच्या निवडीला विरोध झाला तसे स्वागतही झाले. तरीही आमची मराठी व्यासपीठावर चालावी आणि आमचे जेवण मात्र वर्षातून एकदा नवलाई म्हणून छापावे, याला मी स्वीकार म्हणणार नाही.

इथवर वाचून माझ्या वसईकर बांधवांनी माना डोलावल्या असतील. आता थोडे त्यांच्याविषयी, म्हणजे स्वतःविषयी.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे नाताळातल्या रात्रीही केटररचे डबे येऊ लागले आहेत. त्यावर आमच्यातली कर्ती मंडळी हळहळतात: परंपरा बुडाली, आईच्या हातची चव गेली. मीही हळहळलो आहे, इतकेच नव्हे तर त्यावर एक लेखही लिहिला आहे. तो वाचून आईने विचारले, ‘तुला चव आठवते, भांडी आठवतात का?’ मला आठवेनात. चौदा रात्री, रोज दहा-बारा माणसे, आखातातून आलेला भाऊ, नाशिकहून आलेली बहीण आणि तिची मुले. मिस्सेहून आल्यावर सगळे शेकोटीपाशी आणि आई आत. तिचा नाताळ ओट्यापाशी उभा राहून साजरा झाला. २५ च्या रात्री पेज असे, कारण ती पचायला हलकी, असे मी वर्षानुवर्षे समजत आलो. खरे कारण असे की त्या रात्री तिच्यात दुसरे काही करण्याचे त्राण उरत नसे.

‘आईच्या हातची चव’ या शब्दांइतके सोयीचे शब्द मराठीत थोडेच असतील. त्यांत कृतज्ञता आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती पुढच्या वर्षीची मागणी असते. केकची कृती मागणारी पुरवणी आणि चवीची आठवण काढणारा मुलगा यांच्यात मला आता फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही पान हवे आहे. ते मांडणारे माणूस कोणालाच पाहायचे नाही.

मग केटररचे डबे बरे, असे मी म्हणेन अशी कोणाची अपेक्षा असेल तर तसे नाही. रात्रीच्या त्या पानावर घराचे बरेच काही ठरते. वाडीचा तुकडा विकायचा की नाही, कोणी कोणाशी बोलत नाही आणि का, हे सारे आमच्याकडे इंद्यालाच्या दुसऱ्या वाढपानंतरच निघत आले आहे. डबे दहा मिनिटांत उघडतात आणि पाऊण तासात सगळे आपापल्या खोल्यांत जातात. शिजण्याची वाट पाहत बसणे हा त्या जेवणाचा अर्धा भाग होता. तो राखायचा असेल तर हळहळ पुरेशी नाही. मुलांनी, विशेषतः माझ्यासारख्या लिहिणाऱ्या मुलांनी, ओट्यापाशी उभे राहायला हवे.

मागच्या नाताळात आम्ही दोघे भाऊ उभे राहिलो. फुगे बिघडले, त्यांना शेपट्या फुटल्या. इंद्यालात व्हिनेगर जास्त झाले, तरी तिसऱ्या दिवशी ते खाण्याजोगे होते. आई बाहेर खुर्चीत बसली होती आणि दर दहा मिनिटांनी आत काय चालले आहे ते विचारत होती. २५ च्या रात्री आम्ही पेजच केली. त्या रात्री दुसरे काही का करता येत नाही, ते तेव्हा कळले.

पुरवणीचा फोन यंदाही येईल. तो मी घेणार आहे, आणि केकसाठी बेकरीचा पत्ता देणार आहे.