होम थिएटर घेताय? आधी खोली, मग आवाज, शेवटी पडदा

दिवाळीचा बोनस जवळ आला की भिलाईतल्या बऱ्याच घरांत एकच विषय निघतो: यंदा मोठा टीव्ही घ्यायचा का? मुलं म्हणतात ६५ इंची, बाबा म्हणतात ५५ पुरे. या वादात आजोबांना कुणी विचारत नाही. त्यांची तक्रार मात्र वेगळीच असते. ‘‘चित्र दिसतं रे, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही.’’

होम थिएटरची सुरुवात आजोबांच्या याच वाक्यापासून करा. आजचे टीव्ही इतके पातळ असतात की त्यांत चांगला स्पीकर बसवायला जागाच उरत नाही. छोटे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि त्यांचा आवाज भिंतीवर आपटून आपल्यापर्यंत येतो. म्हणून टीव्ही कितीही मोठा घेतला तरी संवाद तसेच पुसट राहतात. पहिल्यांदाच होम थिएटर करणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी खोली, मग आवाज, शेवटी पडदा.

आजोबांना शब्द का कळत नाहीत?

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून इथल्या अनेक कुटुंबांत कुणी ना कुणी भट्टीजवळ, रोलिंग मिलमध्ये किंवा मोठ्या यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलं आहे. विदर्भातून इथे आलेल्या मराठी घरांतही असे निवृत्त आजोबा-काका आहेत. सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानांत आधी बारीक, तीव्र स्वर ऐकण्याची ताकद कमी होते. साधारण ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात ही घट सुरू होते आणि पुष्कळदा ४,००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त असते. वयामुळेही हेच स्वर आधी कमी ऐकू येतात.

आपल्या बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ असे आवाज बरेचसे याच वरच्या पट्ट्यात येतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द ओळखू येत नाही. मग घरातलं कुणीतरी रिमोट घेऊन आवाज वाढवतं. त्याने संवाद थोडे मोठे होतात आणि पार्श्वसंगीत, गाड्यांचे आणि मारामारीचे आवाजही तितकेच मोठे होतात. आजोबांना तरीही नीट कळत नाही आणि बाकीचे कानावर हात ठेवतात.

एक गोष्ट खरेदीच्या आधी करा. आजोबांची श्रवण तपासणी बऱ्याच वर्षांत झाली नसेल तर ती करून घ्या. होम थिएटर हा श्रवणयंत्राला पर्याय नाही.

पहिली पायरी: खोली

या पायरीला खर्च जवळजवळ नाही आणि फरक सर्वांत मोठा पडतो. क्वार्टरची बैठकीची खोली बहुधा लहान, पक्क्या भिंतींची आणि उघड्या फरशीची असते. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टण्ण’ असा शेपटीसारखा आवाज रेंगाळला तर समजा, संवादही असेच रेंगाळणार. एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते आणि बोलणं गढूळ होतं.

उपाय घरातलेच आहेत. बसायची जागा आणि टीव्ही यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरा. खिडकीला जाड, चुण्यांचा पडदा लावा. एका भिंतीशी पुस्तकांचं कपाट ठेवा. लाकडी बाकाऐवजी गादीचा सोफा असेल तर उत्तम. पुन्हा टाळी वाजवा, फरक तुम्हालाच कळेल.

सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर शक्य तेवढा, निदान दीड-दोन फूट पुढे ओढा. भिंतीला लागून खर्जाचा आवाज फुगतो आणि घुमतो.

आता भिलाईचा उन्हाळा. मे महिन्यात कूलरशिवाय चालत नाही आणि खिडकीतला कूलर सुरू असताना संवाद ऐकणं म्हणजे पावसात पत्र्याखाली गप्पा मारणं. बसायची जागा कूलरपासून दूर घ्या, सिनेमा बघताना त्याचा वेग कमी ठेवा. कूलरची दमट हवा थेट टीव्ही किंवा अॅम्प्लिफायरवर येणार नाही, हेही पाहा.

दुसरी पायरी: आवाज

दुकानात गेलात की ५.१, ७.१, अॅटमॉस असे आकडे आणि नावं कानावर पडतील. ५.१ चा अर्थ सोपा आहे. पाच स्पीकर: समोर डावा, उजवा आणि मधला, शिवाय श्रोत्याच्या दोन बाजूंना एकेक. ‘पॉइंट एक’ म्हणजे खर्जासाठीचा वेगळा डबा, सबवूफर. ७.१ मध्ये मागे आणखी दोन स्पीकर येतात. अॅटमॉसमध्ये आवाज वरूनही येतो.

आपल्या दृष्टीने यातला सर्वांत महत्त्वाचा स्पीकर म्हणजे मधला. सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. तो वेगळा असला की फक्त त्याचा आवाज २-३ डेसिबल वाढवता येतो आणि स्फोट, संगीत आहे तिथेच राहतं. आजोबांच्या तक्रारीचं हे सर्वांत सरळ उत्तर. म्हणून साउंडबार घेत असाल तर दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा: ‘‘यात मधला स्पीकर वेगळा आहे का आणि त्याचा आवाज स्वतंत्र वाढवता येतो का?’’ ३.१ साउंडबारमध्ये तो असतो, २.१ मध्ये नसतो.

दुसरा प्रश्न ताकदीचा. खोक्यावर हजारो वॅटचा आकडा आणि शेजारी ‘पीएमपीओ’ असं लिहिलेलं असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका. तो क्षणभराचा, कागदावरचा आकडा असतो. ‘आरएमएस’ वॅट विचारा. १० बाय १२ फुटांच्या खोलीत प्रत्येक चॅनेलला ३०-५० खरे वॅटही भरपूर होतात.

तिसरा प्रश्न जोडणीचा. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या एका खाचेजवळ ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेलं असतं. साउंडबार किंवा रिसीव्हर तिथेच जोडा. एका केबलने काम होतं आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. मोबाइल अॅपवरच्या चित्रपटांसाठी साधा एआरसीही बहुधा पुरतो. दोन-तीन मीटरच्या अंतरासाठी सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल घेण्याची गरज नाही.

घरात जास्त करून मराठी मालिका, बातम्या आणि जुने चित्रपट बघितले जातात का? मग पाच स्पीकरांची घाई करू नका. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटापासून पुढे कित्येक दशकांचे चित्रपट एकाच वाहिनीच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. ते मागच्या स्पीकरमधून ऐकण्यासारखं काही नसतंच. अशा घराला चांगला ३.१ साउंडबार पुरेल. नवे चित्रपट आवडीने बघत असाल आणि पुढे वाढवायचं मनात असेल तर एव्ही रिसीव्हर घ्या. सुरुवातीला समोरचे तीनच स्पीकर जोडा, बाजूचे दोन आणि सबवूफर पुढच्या वर्षी घेता येतात.

स्पीकर कुठे ठेवायचे?

समोरचे डावा-उजवा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांवर ठेवा. तुम्ही टीव्हीपासून आठ फुटांवर बसत असाल तर त्या दोघांमध्ये साडेसहा ते आठ फूट अंतर ठेवा आणि त्यांची तोंडं थोडी तुमच्याकडे वळवा. मधला स्पीकर टीव्हीच्या बरोबर खाली, कपाटाच्या कडेशी आणून ठेवा. कप्प्यात आत ढकललात तर आवाज कोंडतो. तो कानापेक्षा खाली असेल तर पुढून लहान रबरी तुकड्याने किंचित वर उचला. बाजूचे स्पीकर तुमच्या कानांच्या रेषेपेक्षा थोडे मागे आणि फूट-दोन फूट वर हवेत.

सबवूफरची जागा शोधायची एक जुनी, खात्रीची युक्ती आहे. तो डबा आधी तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, खर्जाचं संगीत लावा आणि भिंतीच्या कडेकडेने कान खाली करून फिरा. जिथे खर्ज घुमत नाही, स्वच्छ ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवा. लहान खोलीत याची गरज जास्त असते. १२ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा स्वर आपोआप फुगतो. खोली १२ बाय १२ असेल तर दोन्ही दिशांना तोच स्वर फुगतो आणि घुमणं दुप्पट जाणवतं. कोपरा ही सबवूफरची सर्वांत वाईट जागा ठरू शकते.

तारा जोडताना लाल खूण लालला, काळी काळीला. एका बाजूला उलटं झालं तर आवाज बिघडल्यासारखा वाटत नाही, पण खर्ज गायब होतो आणि संवाद मधोमध बसत नाहीत. घर कंपनीचं किंवा भाड्याचं असेल तर भिंतीला भोकं पाडण्याआधी परवानगीचं बघा. स्टँडवरचे स्पीकर घर बदलताना सोबत नेता येतात.

तिसरी पायरी: पडदा

आता टीव्हीच्या आकाराचा वाद मिटवू. मोजपट्टी घ्या. डोळे ते टीव्ही अंतर साधारण सहा फूट असेल तर ४३ इंची, साडेसात फूट असेल तर ५५ इंची आणि नऊ फुटांच्या आसपास असेल तर ६५ इंची टीव्ही सिनेमासाठी योग्य ठरतो. टीव्हीचा मध्य डोळ्यांच्या पातळीच्या जवळ ठेवा. फोटोच्या फ्रेमसारखा उंच टांगलेला टीव्ही दीड तासात मान दुखवतो.

प्रोजेक्टरचा मोह होत असेल तर आधी दुपारी पडदे लावून खोली किती काळोखी होते ते बघा. उजेडात प्रोजेक्टरचं चित्र फिकट दिसतं. घरातला टीव्ही दिवसाही लागत असेल तर टीव्हीच बरा.

शेजारी, मुलं आणि वीज

निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण भिलाईत घड्याळ बघून भागत नाही. भिंतीपलीकडचे काका रात्रपाळी करून सकाळी झोपलेले असू शकतात. जाड पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, खर्ज मात्र भिंतीतून आरपार जातो. सबवूफर सामाईक भिंतीपासून दूर, जाड रबरी चटईवर ठेवा. नवी यंत्रणा लागली की शेजाऱ्यांना एकदा चहाला बोलवा आणि त्यांच्या पाळीच्या वेळा विचारून घ्या. बहुतेक साउंडबार आणि रिसीव्हरमध्ये ‘नाइट मोड’ असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि हळू संवाद वर आणतो. तो दिवसाही वापरायला हरकत नाही.

मुलांच्या कानांचीही काळजी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तेवढेच तास ७५ डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे. फोनवर आवाज मोजण्याचं मोफत अॅप घेऊन अंदाज घ्या. आजोबांच्या कानांचं जे कारखान्यात झालं ते नातवंडांच्या कानांचं घरात व्हायला नको.

विजेच्या बाबतीत तीन पिनांचा, नीट अर्थिंग असलेला सॉकेट आणि सर्ज प्रोटेक्टर लावा. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की प्लग काढाच, डिशची किंवा केबलची वायरही काढा.

शेवटची तपासणी

सगळं लागलं की ‘सैराट’ लावा. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. गाण्यांत व्हायोलिनचा ताफा समोर रुंद पसरलेला ऐकू यायला हवा. मग शेवटच्या प्रसंगापर्यंत या. तिथे संगीत नाही, जवळजवळ शांतताच आहे. ती शांतता तुमच्या खोलीत ऐकू येते का, की पंखा आणि कूलरच ऐकू येतात? ती ऐकू आली तर खोली जमली.

त्यानंतर एखादा घरगुती, गप्पांचा प्रसंग लावा. रिमोट आजोबांच्या हातात द्या आणि मधल्या स्पीकरचा आवाज त्यांना हवा तेवढा करू द्या. सोबत मराठी सबटायटल्स असतील तर तीही सुरू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. एखाद्या विनोदावर नातवंडांबरोबर आजोबाही त्याच क्षणी हसले, ‘‘काय म्हणाला तो?’’ असं विचारावं लागलं नाही, तर तुमचं होम थिएटर नीट लागलं आहे. ६५ इंचांचा विचार पुढच्या दिवाळीला करा.