मोठा आकडा आणि नेमका आकडा

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या एका लग्नासाठी आम्ही दुपारी रत्नागिरीहून निघालो. सूर्यास्तापूर्वी पोहोचून जेवण उरकावे, असा बेत होता. आंबा घाटात मागचे चाक बसले. स्टेपनी होती, जॅक होता, गाडीबरोबर मिळालेला पानाही होता. परंतु नट तसूभरही हलेनात. मी पान्यावर उभा राहिलो, तरी व्यर्थ. अखेर एका ट्रकचालकाने पान्याला लांब पाइप लावून नट सोडविले, तेव्हा अंधार पडला होता. सूनबाई आणि दोन लहान नातवंडे तोवर वळणाच्या कडेला उभी होती.

आठवड्यापूर्वीच टायर बदलले होते. हवेच्या गनने नट करकचून आवळले जात असताना मी समाधानाने पाहत होतो. ती चूक माझीही होती.

परतल्यावर चिरंजीवांनी बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच घेण्याचे ठरविले. बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे, मोठा आकडा दिसला की तो कशाचा, हे विचारण्याची मला सवय आहे.

नट फिरविण्याचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो भार दिला की सुमारे 100 न्यूटन-मीटर जोर लागतो. लहान मोटारींच्या चाकांचे नट साधारणतः 85 ते 110 पर्यंत आवळावयाचे असतात; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गाडीबरोबरचा पाना जेमतेम पाव मीटरचा. म्हणजे 100 साठी टोकावर 40 किलो भार हवा, आणि नट 250 पर्यंत आवळला असेल तर 100 किलो! माझे वजन 62 किलो. घाटातले कोडे तेथे सुटले.

इम्पॅक्ट रेंचमध्ये मोटर आतील हातोडा फिरविते. नट अडला की हातोडा स्प्रिंगवर मागे सरकून पुन्हा आदळतो, मिनिटाला हजारो वेळा. त्यामुळे मनगटावर ताण न येता गंजलेला नटही सुटतो. आपल्याकडील खाऱ्या हवेत हे मोठेच साह्य.

पत्रकावर बहुधा दोन आकडे असतात: आवळण्याचा आणि सोडविण्याचा. दुसरा मोठा असतो आणि ठळक छापलेला असतो. पहिल्यास निव्वळ नफा समजावे, दुसऱ्यास उलाढाल. घरच्या मोटारीसाठी आवळण्याचा आकडा 300 ते 400 असला की पुरे. त्याहून मोठे यंत्र वजनाने जड आणि किमतीने महाग. ‘18 व्होल्ट’ आणि ‘20 व्होल्ट’ यांत तर भेदच नसतो. आत 3.6 व्होल्टचे पाच सेल, म्हणजे 18. पूर्ण चार्ज केल्यावर तेच सेल 20 दाखवितात. घरात किंवा गोदामात आधीच एखाद्या कंपनीचे ड्रिल असेल, तर तिचाच रेंच पाहावा. बॉश, मकिता, डिवॉल्ट यांच्या बॅटऱ्या एकमेकांना चालत नाहीत. किमतीत बॅटरी आणि चार्जर धरले आहेत का, हेही विचारावे. बॅटरी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये.

गोट्या मात्र इम्पॅक्टसाठी बनविलेल्या, काळ्या रंगाच्या, सहा कोनी घ्याव्यात. नेहमीच्या चकचकीत गोट्या आघाताने तडकतात आणि तुकडा डोळ्यात उडू शकतो. चष्मा लावावाच.

आता मुख्य गोष्ट. हे यंत्र सोडविण्यासाठी घ्यावे. शेवटचे आवळणे त्याच्यावर सोपवू नये. त्यासाठी टॉर्क रेंच निराळा मिळतो. त्यावर आकडा लावावा. तेवढा जोर झाला की ‘टक्’ असा आवाज येतो, तेथे थांबावे. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. अति आवळल्याने बोल्ट ताणले जातात, आणि निर्जन रस्त्यावर घरातील कोणालाही चाक बदलता येत नाही.

आम्ही सर्वांत मोठे यंत्र न घेता मध्यम घेतले आणि वाचलेल्या पैशांत टॉर्क रेंच आणला. परवा सूनबाईंनी अंगणात गाडीबरोबरच्या साध्या पान्याने चारही नट स्वतः सोडवून पाहिले. नट सहज सुटले. पुढच्या वेळी टायरच्या दुकानात मी एवढेच सांगणार आहे: “शेवटचे आवळणे मोजून करा.”