हौशी म्हणून हिणवू नका

आपल्या गोव्यात जत्रेच्या नाटकात रात्रभर उभ्या राहणाऱ्या हौशी नटाला आपण मान देतो. पण पोराने वहीत अंतराळयाने काढली की मात्र म्हणतो, "हे पुरे, अभ्यास कर." हा दुटप्पीपणा मला पटत नाही.

अमेरिकेतला फिल फोलियो घ्या. विज्ञानकथांच्या चाहत्यांसाठी तो हौसेने चित्रे काढायचा. त्यासाठी १९७७ आणि १९७८, अशी लागोपाठ दोन वर्षे त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. हौशी चित्रकाराचा वेगळा ह्यूगो १९६७ पासून आहे, हे लक्षात घ्या. १९८० पासून तो 'ड्रॅगन' मासिकात चित्रमालिका काढू लागला. पुढे २००१ साली पत्नी काया हिच्यासोबत त्याने 'गर्ल जीनियस' हे कॉमिक सुरू केले. २००९ साली चित्रकथेसाठी ह्यूगो पहिल्यांदाच दिला गेला, तो याच कॉमिकला. २०१० आणि २०११ सालीही तोच मानकरी.

कुणी म्हणेल, ती अमेरिका, तिथे बाजारपेठ मोठी. मान्य. पण बाजार नंतर आला, आधी शाबासकी आली. मराठीत १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने विज्ञानकथा पाठवली ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठीच. लेखकाला ती पायरी होती. चित्रकाराला तशी पायरी मला तरी कुठे दिसली नाही.

आपण फक्त फुकटात मुखपृष्ठ मागतो. वाचकहो, पुढच्या अंकात चित्रकाराचे नाव छापा, मानधन द्या. मग बोला हौसेबद्दल!